आडनावाआधी दप्तर : जबलपूरच्या मराठी कुटुंबाचा इतिहास शोधताना

प्रस्तावना

आपल्या घराण्याचा इतिहास शोधायला बसलेला माणूस पहिल्या दिवशी बहुधा एकच गोष्ट करतो. तो संगणकावर आडनाव टाकतो आणि काय सापडते ते पाहतो. जबलपूरसारख्या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या बाबतीत ही वाट लवकरच बंद होते. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते. शिवाय ज्या कचेरीत कागद असेल असे आपण धरून चालतो, तिथे तो नसतो.

या पाठाचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगून ठेवतो. कोणताही जुना कागद तुमच्या कुटुंबाची आठवण राहावी म्हणून लिहिलेला नाही. तो सारा वसूल करण्यासाठी, पगार देण्यासाठी, वाद मिटवण्यासाठी किंवा श्राद्धविधीसाठी लिहिला गेला. म्हणून ‘आमचे आडनाव कुठे आहे?’ या प्रश्नाआधी दोन प्रश्न विचारा. त्या वर्षी त्या ठिकाणी अंमल कोणाचा होता? आणि त्या अंमलाला आपल्या माणसाचे नाव लिहून ठेवण्याची गरज का पडली? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणते दप्तर उघडायचे ते कळते.

१. जबलपूरवरचे अंमल आणि त्यांची दप्तरे

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी जिंकले. सागरचा कारभार पेशव्यांच्या वतीने खेर घराणे पाहत होते. १७९८ च्या सुमारास नर्मदेच्या खोऱ्यातील हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि पुढे ते ‘सागर व नर्मदा प्रदेश’ या नावाच्या विभागात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याची राजधानी नागपूर होती. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतरही नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली.

ही सनावळी पाठ करण्यासाठी दिलेली नाही. संशोधकासाठी तो दप्तरांचा नकाशा आहे. सागरकरांच्या काळातला पत्रव्यवहार पुण्याच्या पेशवे दप्तरात शोधावा लागतो. भोसल्यांच्या आणि मध्य प्रांताच्या काळासाठी नागपूरचे अभिलेखागार पाहावे लागते. १९५६ नंतरचे राज्यपातळीवरचे कागद भोपाळला आहेत. केंद्र सरकारकडे गेलेला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, तर लंडनला पाठवलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. जमिनीचे आणि गावपातळीचे कागद मात्र बहुतेक जबलपूरच्या जिल्हा कचेरीतच असतात.

अंमल बदलतो तशी कागदाची भाषाही बदलते. मराठी अंमलातला कागद मोडीत असतो. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीच्या काळात कचेरीत फारसी व उर्दू, नंतर नागरी हिंदी, आणि वरिष्ठ पातळीवर इंग्रजी आढळते. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाचे सगळे सरकारी कागद हिंदीत असणे इथे स्वाभाविक आहे. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात मोठे स्थान असलेले माधवराव सप्रे १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी कुटुंबात जन्मले. त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. फक्त मराठी साधनांत शोध घेणाऱ्याला असा माणूस अर्धाच सापडेल. मध्य प्रांतातील अनेक अप्रसिद्ध कुटुंबांचीही हीच गत आहे.

२. नाव कसे वाचावे

मराठी अंमलातील कागदांत माणसाची ओळख बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावर भागवलेली असते. सागरच्या सत्तेचा पाया घालणारे गोविंदपंत बुंदेले हे मूळचे रत्नागिरी भागातील नेवऱ्याचे खेर. कागदात ते ‘गोविंद बल्लाळ’ असे येतात. बल्लाळ म्हणजे बाळाजी, हे त्यांच्या वडिलांचे नाव. त्यांचे पुत्र ‘बाळाजी गोविंद’ आणि ‘गंगाधर गोविंद’. ‘बुंदेले’ ही ओळख बुंदेलखंडातल्या कामगिरीमुळे चिकटली. म्हणजे ‘खेर’ हे नाव धरून शोधणाऱ्याच्या हातून महत्त्वाची पत्रे निसटतील.

याच रीतीचा फायदाही आहे. नातवाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा असल्यामुळे नावे साखळीसारखी जोडली जातात. पेशव्यांची नावे पाहा : बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव, त्यांचे पुत्र माधवराव बल्लाळ. प्रत्येक नावात मागची पिढी आहे. पण एकच नाव एक पिढी सोडून परत येते, त्यामुळे आजोबा आणि नातू यांची गल्लत होण्याचा धोकाही असतो. अशा वेळी तारखेशिवाय निर्णय करू नये.

इंग्रजी कागदांत अडचण वेगळी असते. तिथे जबलपूर ‘जब्बलपोर’, सागर ‘सॉगोर’ आणि नर्मदा ‘नर्बुद्दा’ अशा वळणाने लिहिलेली असते. आजच्या स्पेलिंगने शोधले तर यंत्र ‘काही सापडले नाही’ असे सांगेल. गावाची आणि आडनावाची जितकी जुनी इंग्रजी रूपे सुचतील तितकी लिहून काढा आणि एकेक करून शोधा.

३. तारीख कशी वाचावी

मोडी कागदात शालिवाहन शक, सुहूर सन किंवा फसली सन, आणि उत्तरेकडील कागदात विक्रम संवत येतो. पानिपतच्या लढाईची तारीख उदाहरणादाखल घेऊ. ती १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजी झाली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हा ढोबळ नियम; त्याप्रमाणे १७६० येते. पण पौष-माघ-फाल्गुनातला कागद नव्या इसवी वर्षात पडत असेल, तर ७९ मिळवावे लागतात. तेच वर्ष सुहूर सनात ११६१ आहे आणि कागदात ते अरबी शब्दांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले जाते : एक, साठ, शंभर आणि हजार. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. दक्षिणेकडच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवतात. उत्तरेकडची फसली तिच्याहून सुमारे दोन वर्षांनी मागे असते. जबलपूरच्या कागदात ‘फसली’ दिसली की कोणती, हे आधी ठरवा.

४. सुरुवात घरातून

अभिलेखागारात जाण्यापूर्वी घरातली ट्रंक उघडा. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या, वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र, पेन्शनचे कागद, जुनी पोस्टकार्डे, फोटोच्या मागचा मजकूर हे सगळे प्राथमिक साधन आहे. मूळ कागदाला चिकटपट्टी लावू नका, घडीवर दाब देऊ नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि कागद कोणाकडे, कोणत्या पुडक्यात होता ते लिहून ठेवा.

यानंतर वडीलधाऱ्यांशी बोला. ‘आपला इतिहास सांगा’ असे विचारले तर चार ठराविक वाक्ये मिळतात. त्याऐवजी नेमके विचारा : कुलदैवत कोणते? गोत्र कोणते? सुट्टीत कोणत्या स्टेशनावर उतरत होता? ज्या घरांत श्राद्धविधी होतो, तिथे त्यात उच्चारली जाणारी नावे विचारा. त्यात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही आणि आईच्या माहेरचे पुरुषही येतात. सातबारावर कधीच न आलेल्या पणजीचे नाव इथे मिळू शकते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती, म्हणून माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे विचारायला विसरू नका.

५. जमिनीचे कागद

मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारावर असे. म्हणून मालगुजार, त्याचे हिस्सेदार आणि कुळे यांची नावे बंदोबस्ताच्या कागदांत येतात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने शब्दांची जोडी लावून घ्यावी. तुमच्या सातबाऱ्याशी मिळताजुळता कागद इथे खसरा आणि खतौनी, तुमचा फेरफार म्हणजे इथले नामांतरण, आणि वारसनोंद म्हणजे ‘फौती’ नामांतरण. जुन्या बंदोबस्ताच्या पुडक्याला ‘मिसल बंदोबस्त’ म्हणतात, आणि गावच्या चालीरीती व हक्क नोंदवलेल्या कागदाला ‘वाजिब-उल-अर्ज’.

सध्याचा खसरा मध्य प्रदेशच्या भू-अभिलेख संकेतस्थळावर पाहता येतो. त्यावरून गावाचे नाव आणि क्रमांक निश्चित करा आणि मग जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षात जुन्या कागदाच्या नकलेसाठी अर्ज करा. मध्य प्रदेशात मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. त्या वेळी नुकसानभरपाई ठरवताना तयार झालेले कागदही हिस्सेदारांची नावे देतात.

कुटुंबशोधात सर्वांत उपयोगी असते ती वारसनोंद. एक माणूस मेला की त्याचे सगळे वारस एका जागी लिहिले जातात. बाहेरगावी गेलेल्या भावाचेही नाव तिथे येऊ शकते, कारण हिस्सा त्याचाही असतो. म्हणून जबलपूरला आलेल्या माणसाचा सर्वांत चांगला पुरावा कधी कधी कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या मूळ गावी मिळतो. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांतील जुने फेरफार व सातबारे पाहायला मिळतात.

६. नोकरी, शाळा आणि न्यायालय

जबलपूरला मराठी माणूस अनेक लाटांनी आला : सागरकरांचा व भोसल्यांचा कारभार, मध्य प्रांताची सरकारी नोकरी, रेल्वे, १९०४ मध्ये सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना, आणि १९५६ मध्ये नागपूरहून आलेले उच्च न्यायालय. तुमचा पूर्वज कोणत्या लाटेबरोबर आला हे कळले की दप्तर ठरते.

रेल्वेचेच पाहा. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. मुंबईकडची बाजू ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीची, अलाहाबादकडची ‘ईस्ट इंडियन’ कंपनीची. ‘आजोबा जबलपूरला रेल्वेत होते’ एवढी माहिती म्हणूनच अपुरी आहे. कंपनी कळली पाहिजे, कारण एकीचे मुख्यालय मुंबईत होते आणि दुसरीचे कलकत्त्यात. आज जबलपूरला पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, पण तो विभाग २००३ चा.

शिक्षणाचेही तसेच. रॉबर्टसन कॉलेज एकाच शहरात होते, पण त्याची पदवी आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि १९२३ नंतर नागपूर विद्यापीठाची होती. पदवीधरांची नावे त्या त्या विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरांत छापली जात. शाळेच्या दाखिल-खारिज नोंदवहीत जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय आणि आधीची शाळा मिळते. मात्र १ जून किंवा १ जुलै अशी जन्मतारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीसाठी घातलेली समजावी.

न्यायालयीन निकाल हे दुर्लक्षित साधन आहे. दत्तक आणि वाटणीच्या दाव्यांत न्यायाधीश निकालाच्या सुरुवातीलाच पक्षकारांची वंशावळ मांडत असे. नागपूरच्या न्यायालयाचे आणि प्रिव्ही कौन्सिलचे छापील निकाल आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. घरात ‘पूर्वी मोठा दावा चालला होता’ अशी आठवण असेल तर इथे अवश्य शोधा.

७. ऑनलाइन साधने : काय मिळते, काय मिळत नाही

राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. त्यावर नस्तींची सूची आणि कित्येक नस्तींची पानेच पाहता येतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर १९०९ चे नेल्सनचे जबलपूर गॅझेटियर, रायबहादूर हिरालाल यांची पुस्तके, तसेच गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड शोधावेत. ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’च्या यादीत महायुद्धांत कामी आलेल्या भारतीय सैनिकांची नावे आहेत, आणि अनेक नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते. जुन्या वर्तमानपत्रांसाठी भोपाळचे सप्रे संग्रहालय आहे. १९२० मध्ये जबलपूरहून निघालेल्या ‘कर्मवीर’च्या काळातली शहराची हालचाल अशा पत्रांतून कळते.

काय मिळत नाही तेही समजून घ्या. इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेची घरोघरची पाने २०२२ मध्ये खुली झाली. भारतात तसे होत नाही. आपल्याकडे छापील गोषवारा मिळतो, व्यक्तीची नोंद नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने अशा नोंदी गोपनीय ठेवल्या आहेत.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे स्थान यांच्या मधोमध आहे. प्रयाग, काशी, गया, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्याय यजमानांच्या भेटी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात. काही वह्यांच्या प्रतिमा ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर आहेत, पण त्यांना नावांची पूर्ण सूची नाही. वह्या बहुधा मूळ गाव आणि जात यांनुसार लावलेल्या असतात. त्यामुळे ‘जबलपूर’ सांगून नाव मिळाले नाही तर आधीचे गाव सांगा.

८. ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत

इथवर सांगितलेली साधने जमीन, पगार किंवा विद्या असलेल्यांना झुकते माप देतात. ‘आमच्या घराण्याची माहिती कागदात आहे’ हा अभिमान नसून तो एका जुन्या विषमतेचा परिणाम आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. भूमिहीन मजूर, बलुतेदार, दलित कुटुंबे यांच्यासाठी वेगळ्या वाटा लागतात : कोतवालाने दिलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, सैन्याची सेवापत्रे, मिशनच्या नोंदवह्या, कारखान्याची हजेरीपत्रके. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि तिचे केंद्र पुढे सागरला आले. त्यामुळे या भागात स्थायिक झालेल्या काही कुटुंबांचा माग सैन्याच्या कागदांतून लागू शकतो.

स्त्रियांचे नाव जमिनीच्या कागदात बहुधा नवरा मेल्यावर येते. मराठी कागदात ‘भ्रतार’, हिंदी कागदात ‘जौजे’ किंवा ‘बेवा’ हे शब्द शोधा. ‘बेवा’ असलेली एक ओळ पुष्कळदा त्या स्त्रीची एकमेव सरकारी नोंद असते.

हा शोध नुसत्या कुतूहलाचा नाही. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जबलपूरला जन्मलेला मुलगा पुण्याला शिकायला आला की आजोबांचा जुना शाळेचा दाखला एकाएकी मोलाचा होतो. कोतवालाच्या वहीत एक ओळ असेल तर जागा मिळते, नसेल तर पात्र असूनही वर्ष हातचे जाते. ज्यांचे पूर्वज शाळेच्या दारापर्यंतच पोचू दिले गेले नव्हते, त्यांच्याकडे शाळेचा पुरावा मागणे ही या पद्धतीतली उघड विसंगती आहे.

९. पुरावा तोलताना

वतनाच्या वादात पक्षकार आपली हकीकत ‘करिन्या’त मांडत असे, आणि गोतसभेचा निर्णय ‘महजरा’त लिहिला जाई. करिना एका बाजूचे म्हणणे सांगतो, महजरावर अनेकांच्या साक्षी असतात. आजही हाच विवेक ठेवा. छापील कुलवृत्तांत उपयोगी असतो, पण अलीकडच्या पिढ्यांत तो जितका भरवशाचा, तितका जुन्या पिढ्यांत असेलच असे नाही. दोन पिढ्या जोडणारा प्रत्येक दुवा शक्यतो दोन स्वतंत्र साधनांनी सिद्ध करा. साधने एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही नोंदी ठेवा. मध्ये पिढी हरवली असेल तर जागा रिकामी सोडा. आडनाव सारखे आहे एवढ्यावरून एखाद्या सरदाराला पूर्वज ठरवू नका. जिवंत नातेवाइकांच्या जन्मतारखा, दत्तकविधान, जात यांसारखी माहिती त्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका.

१०. एक नमुना

समजा, घरात इतकेच ठाऊक आहे : पणजोबा जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते, मूळ गाव रत्नागिरीकडे, आणि आजोबा ‘पहिल्या महायुद्धाच्या वेळी’ जन्मले. कारखाना १९०४ चा, म्हणजे त्या नोकरीसाठीचे आगमन त्याआधीचे नाही. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीतून जन्मवर्ष आणि पणजोबांचे पूर्ण नाव घ्या. सेवापुस्तिका किंवा पेन्शनचा कागद घरात असेल तर त्यावर मूळ गाव असण्याची शक्यता असते. श्राद्धातल्या नावांवरून खापरपणजोबांचे नाव मिळवा. आता मूळ गावचे जुने फेरफार उघडा आणि खापरपणजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद शोधा. तिथे पणजोबांचे नाव भावांच्या रांगेत मिळाले, तर जबलपूर आणि कोकण यांमधला दुवा पक्का झाला. या सगळ्यात आडनाव शोधयंत्रात टाकण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

सारांश

जबलपूरवर दोनशे वर्षांत अनेक अंमल आले आणि प्रत्येकाने आपापली दप्तरे वेगळ्या शहरांत ठेवली. म्हणून कुटुंबशोधात आधी अंमल, मग दप्तर, मग तारीख आणि शेवटी नाव असा क्रम ठेवावा. प्रत्येक कागद कोणाच्या गरजेपोटी लिहिला गेला हे विचारावे, आणि ज्यांची नावे लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा शोधाव्यात. घरातल्या वृद्धांच्या आठवणींची नक्कल कोणत्याही अभिलेखागारात मिळत नाही, म्हणून ते काम सर्वांत आधी करावे.

स्वाध्याय

१. शके १६९५, माघ महिन्यातील एका कागदाचे इसवी वर्ष काढा आणि तुम्ही ७८ मिळवले की ७९, ते कारणासह लिहा.
२. तुमच्या जिल्ह्यावर १७५० पासून आजपर्यंत कोणाकोणाचा अंमल होता याचा तक्ता करा. प्रत्येक अंमलापुढे त्याची दप्तरे आज कोणत्या शहरात आहेत ते लिहा.
३. घरातील एका वृद्ध स्त्रीची मुलाखत घ्या. तिच्या आई, आजी आणि पणजीची माहेरची व सासरची नावे नोंदवा. यांपैकी कोणती नावे एखाद्या सरकारी कागदात सापडतात ते तपासा.
४. घरातील एक जुना कागद निवडा. तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या गरजेपोटी लिहिला, यावर २०० शब्दांत टिपण लिहा.